भिडस्तांची सोय

फ्लॅटच्या दाराला डोळ्याच्या उंचीवर जे भिंग बसवलेलं असतं ते चोरांसाठी असतं, असा एक समज आहे. माझ्या माहितीतल्या कोणालाही त्या भिंगातून अजून चोर दिसलेला नाही. दिसतात ती पावतीपुस्तक घेऊन आलेली गणपतीची पोरं, पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा टाय लावलेला घामाघूम मुलगा, नाहीतर ज्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली आहे ते खालच्या मजल्यावरचे गृहस्थ. त्या भिंगातून माणूस दिसतोही विचित्र. नाक पुढे आलेलं, कान मागे गेलेले, मधे फुगलेला. चांगला ओळखीचा असला तरी धडकी भरते. मग आपण चवड्यांवर मागे सरकतो, टीव्हीचा आवाज बारीक करतो, घरातल्यांना ओठांवर बोट ठेवून खूण करतो, आणि स्वतःच्या घरात, हप्ते फेडून घेतलेल्या सोफ्यावर, श्वास रोखून बसतो.

या व्यवस्थेत काही उणिवा आहेत. आतून भिंगाला डोळा लावला की बाहेरून दिसणारा उजेडाचा ठिपका काळा होतो, हे बाहेरच्याला पक्कं ठाऊक असतं. दारासमोर चार जोडी चपला पडलेल्या असतात. आणि नेमक्या त्याच वेळी कुकरची शिट्टी होते. शिट्टी झाल्यावरही आपण जागचे हलत नाही. कुलूप लावून गेलेल्या घरात कुकर स्वतःच लागला असेल असं बाहेरच्यांनी समजून घ्यावं, एवढीच अपेक्षा असते. आणि खरं सांगायचं तर ते समजूनही घेतात. एखादा पोरगा मुद्दाम मोठ्याने म्हणतो, "काका नाहीयेत वाटतं, संध्याकाळी येऊ." म्हणजे त्यालाही आपल्याला तोंडघशी पाडायचं नसतं. दाराच्या अलीकडे एक संकोच, पलीकडे दुसरा, आणि मधे फक्त दीड इंचाचं लाकूड.

वर्गणी द्यायला आपली ना नसते. गणपती आपल्यालाही हवा असतो, आरतीला आपणही जातो, प्रसादाची वाटी घरातल्या प्रत्येकासाठी वेगळी मागून आणतो. अडतं ते एका वाक्यापाशी. "पाचशेएक नको रे, दोनशेएक लिही," हे समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचं असतं. ते जमत नाही, म्हणून चवड्यांवर चालणं आलं. भीड भिकेची बहीण, असं जुनी माणसं बजावून गेली. पण फुकटच्या इशाऱ्याचं होतं तेच याही इशाऱ्याचं झालं. आपण तो निबंधात वापरला आणि आयुष्यभर भिडेखातर नको त्या गोष्टी करत राहिलो. नको असलेली पॉलिसी घेतली. नको असलेला तिसरा गुलाबजाम खाल्ला. परिचिताच्या काव्यसंग्रहाच्या प्रकाशनाला पहिल्या रांगेत बसलो आणि वर दोन प्रतीही विकत घेतल्या.

भिंगाच्या आधी काय करत होती माणसं? गिरगाव-लालबागच्या चाळींत सकाळी दार उघडलं की ते रात्री निजायच्या वेळीच लागायचं. भरदिवसा दार लोटलेलं दिसलं तर शेजारी काळजीने विचारायला यायचे. म्हणजे माणसं टाळायला जावं आणि माणसंच गोळा व्हावीत. तिथे मग देव कामाला यायचा. "पूजेला बसलेत," असं बायकोने उंबऱ्यातून सांगितलं की आलेल्याचं पुढे काही चालत नसे. काही पूजा फार लांबायच्या. त्यांत भक्ती किती आणि गॅलरीत ताटकळणारा विमा एजंट किती, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

त्याच चाळीत मजल्यावर एखाद्याकडेच फोन असायचा. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस. बाकीच्या बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर त्याचाच नंबर, पुढे पी. पी. अशी दोन अक्षरं. फोन आला की त्या गृहस्थाने ताटावरून उठायचं, गॅलरीच्या टोकापर्यंत जायचं, हाका मारायच्या, आणि मग शेजारणीच्या माहेरची सगळी बातमी आपल्याच खोलीत उभं राहून, ऐकू येत नसल्यासारखा चेहरा करून ऐकायची. माझा नंबर देत जाऊ नका, असं तो कधी म्हणाला नाही. त्याने फोनच्या डायलला छोटं पितळी कुलूप घातलं आणि शेजारी एक पत्र्याचा डबा ठेवला, वर भोक पाडलेला. फोन करणाऱ्याने त्यात पैसे टाकावेत. मागायची लाज तो डबा सोसायचा.

मला या डब्यात एका मोठ्या परंपरेचं मूळ दिसतं. आपल्याला तोंडावर बोलता येत नाही ते आपण वस्तूंकडून आणि अक्षरांकडून वदवून घेतो. पुणेरी पाट्यांवर आजवर इतकं हसून झालं आहे की त्यांच्याकडे कोणी सहानुभूतीने बघितलंच नाही. बेल एकदाच वाजवावी, दारासमोर गाडी लावू नये, हवा सोडण्यात येईल, येथे पत्ते विचारू नयेत, हे वाचून बाहेरगावचा माणूस म्हणतो, काय उर्मट लोक आहेत! मला हे अजिबात पटत नाही. उर्मट माणसाला पाटी लागते कशाला? तो दारात उभा राहून, लुंगी खोचून, सरळ सांगतो. पाटी लागते ती ज्याला दारासमोर गाडी लावणाऱ्याला प्रत्यक्ष गाठून एक शब्द बोलण्याचा धीर होत नाही त्याला. तो आत जातो, दोन रात्री तळमळतो, मग पेंटरकडे जाऊन लाल अक्षरांत धमकी रंगवून आणतो. पाटी जितकी कडक, तितका आतला माणूस मऊ, असं माझं निरीक्षण आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद राहील, ही पाटीसुद्धा मला कधी मग्रुरीची वाटली नाही. आलेल्या गिऱ्हाइकाला झोपलेल्या मालकाने काय सांगायचं, या प्रश्नाचं ते सभ्य उत्तर आहे.

पुण्यालाच कशाला जायचं? गावोगावच्या किराणा दुकानांत 'आज रोख, उद्या उधार' लिहिलेलं असतं. रोजचं गिऱ्हाईक, तीन पिढ्यांची ओळख, त्याला उधारी नाही म्हणणार कोण? मग भिंत म्हणते. लग्नपत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असतं. ही मात्र भिडस्तांच्या इतिहासातली सर्वांत फसलेली पाटी म्हटली पाहिजे, कारण तिने यजमानाची सोय केली आणि पाहुण्याची झोप उडवली. खरंच नेऊ नये, की नेऊ नये असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हटलंय? मग पाकीट खिशात ठेवायचं. वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. नाव लिहावं तर दिलं नाही की फुकट जाणार, न लिहावं तर दिलं तरी फुकट जाणार. स्टेजच्या रांगेत पुढच्याच्या हाताकडे बघत सरकायचं. त्याने दिलं तर आपणही द्यायचं, आणि नाही दिलं तर खिशावर हात ठेवून नुसतं हसायचं. मागचा आपल्या हाताकडे बघत असतो.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर तिथला सगळ्यांत अवघड प्रसंग सांगून टाकतो. त्यावर आजवर कोणाला पाटी सुचलेली नाही.

तुम्ही मठ्ठ्याचा पेला घेऊन कोपऱ्यात उभे असता. समोरून एक वयस्कर बाई येतात, तुमचा हात आपल्या दोन्ही हातांत धरतात आणि विचारतात,

"ओळखलंस का?"

हात धरलेला असल्यामुळे पळता येत नाही. तुम्ही म्हणता, "म्हणजे काय! तुम्हाला नाही ओळखणार?"

इथे थांबणारी माणसं सज्जन. पण या बाई पुढे जातात.

"मग सांग बघू, कोण मी?"

आता जे काही येतं ते सगळं टाकायचं. "केवढ्या बारीक झालात!" हे टाकून बघतो. बाई खूश होतात पण नाव सांगत नाहीत. "घरी कसे आहेत सगळे?" यावर "तुला कळलंच असेल," असं उत्तर येतं, आणि आता चेहरा हसरा ठेवायचा की दुःखी, हा नवा पेच. "हल्ली कुठे असता?" "तिथेच." मग शेवटचं अस्त्र, बायकोला बोलावून "ही माझी बायको," असं म्हणायचं. म्हणजे समोरची व्यक्ती आपलं नाव सांगेल. पण बाई म्हणतात, "अरे, तिला काय सांगतोस, आम्ही मंगळागौरीला भेटलोय की!" बायकोकडे बघावं तर तिच्या चेहऱ्यावर तुमच्यासारखंच भव्य, रिकामं हसू. शेवटी बाईंनाच दया येते. "अरे, मी डोंबिवलीची मामी!" तुम्ही कपाळावर हात मारता, वाकून नमस्कार करता. डोंबिवलीला आपल्या दोन माम्या आहेत, हे त्या पुढे गेल्यावर लक्षात येतं.

हल्ली यात भर म्हणजे लग्नात सरसकट सगळ्यांना फेटे बांधतात. पूर्वी निदान टकलांवरून तरी काकालोक ओळखू यायचे.

भीड किती खोलवर गेली आहे हे बघायचं असेल तर सुट्ट्या पैशांचा इतिहास बघावा. एसटीत सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटामागे बाकी रक्कम लिहून द्यायचा आणि "उतरताना घ्या" म्हणायचा. समजा सात रुपये. त्या सात रुपयांनी माणसाचा प्रवास खाल्ला. घाट आला, धबधबे आले, बाहेर सगळं हिरवंगार, आणि हा तिकीट मुठीत धरून कंडक्टरच्या चामडी पिशवीकडे बघतोय. आता सुट्टे आले असतील. आता मागावं का? बाकीचे काय म्हणतील, सात रुपयांसाठी? स्टँड यायचा, दाराशी रेटारेटी, कंडक्टर खाली उतरून आधीच नोंद करायला निघालेला, आणि हा गृहस्थ "जाऊ दे" म्हणून उतरायचा. ते "जाऊ दे" मोठ्या मनाचं नसायचं. त्याच गाडीत मधल्या बाकावर एक म्हातारी असायची. ती बसल्या जागेवरून, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी ओरडायची, "मास्तर, माझं सात रुपय ऱ्हायल्यात बरं का!" तिला पैसे मिळायचे. तिच्या आवाजाने मग आणखी दोघातिघांना धीर यायचा आणि ते आपापली तिकिटं पुढे करायचे. मला या म्हाताऱ्यांबद्दल फार आदर आहे. त्यांनी शाळेत 'भीड' या विषयावर निबंध लिहिलेला नसतो.

दुकानात सुट्ट्यांच्या जागी चॉकलेट हातावर ठेवत. एका रुपयाची लिमलेटची गोळी आपण मधुमेह असूनही घेऊन यायचो. हीच गोळी पुढच्या वेळी रुपया म्हणून दुकानदाराला द्यावी, असा बेत करणारे पुष्कळ पाहिले, देणारा एकही पाहिला नाही. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून रीतसर चलनातून गेली. पण आठ आण्याचं नाणं कायद्याने अजूनही चालतं. काउंटरवर ते ठेवून बघा. दुकानदार बोलणार काहीच नाही, नुसतं बघेल, आणि तुम्ही ते उचलून परत खिशात टाकाल. दहा रुपयांच्या नाण्यावरून तर इतका गोंधळ झाला की वेगवेगळ्या नक्षीची सगळी, म्हणजे त्या वेळच्या १४ प्रकारांची, नाणी वैध आहेत असं २०१८ साली रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं. दुकानदार म्हणाला, "हे चालत नाही हो," की आपण लगेच दुसरं नाणं शोधायला लागायचो. देशाची मध्यवर्ती बँक आपल्या बाजूने उभी होती. आपणच तिच्या बाजूने उभे राहिलो नाही.

२०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पुढच्या काही वर्षांत हा सगळा प्रश्न पाण्यात मीठ विरघळावं तसा विरघळून गेला. आता एसटीतही मोबाइलवरून तिकीट काढता येतं. एवढा जुना त्रास गेला, पण कोणी पेढे वाटले नाहीत. त्याऐवजी किती पैसे मिळाले ते मोठ्याने सांगणाऱ्या, दुकानातल्या त्या बोलक्या डबीबद्दल तक्रार सुरू झाली आहे. आपण फक्त कोथिंबिरीपुरते पैसे दिले, हे ती चौकभर ओरडून सांगते.

मोबाइलने टाळण्याची कला मात्र पार बिघडवली. "मी पोचतोच आहे" आणि "रेंज नव्हती" ही दोन वाक्यं एवढी झिजली आहेत की ती आता खरी असली तरी कोणाला पटत नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा आल्या आणि घराघरांत 'वाचलंस तरी उत्तर दिलं नाहीस' हा नवा गुन्हा नोंदवला जाऊ लागला. त्या खुणा बंद करायची सोय पुढे मिळाली, पण ती समोरासमोरच्या संवादापुरती. ग्रुपवर कोणी वाचलं आणि कोणी नाही, हे पाठवणाऱ्याला दिसायचं ते दिसतंच. कुटुंबाच्या ग्रुपवरून बाहेर पडण्याची तर गोष्टच निराळी. अमुक बाहेर पडला, अशी ओळ ग्रुपच्या छातीवर यायची आणि रात्री गावाहून फोन यायचा, "काय रे, आमचं काही चुकलं का?" २०२२ पासून गुपचूप बाहेर पडता येतं, फक्त ग्रुप चालवणाऱ्याला कळतं. पण ग्रुप चालवतात काका, म्हणजे बाकीच्यांना कळायचं ते कळणारच. त्यामुळे मी ओळखतो ती बहुतेक माणसं ग्रुप मूक करून, आठवड्यातून एकदा हात जोडलेलं चित्र टाकून, सन्मानाने राहतात. नको असलेल्या व्यापारी फोनांसाठी ट्रायने २००७ मध्ये नोंदवही काढली, १९०९ हा नंबर दिला. कर्ज हवंय का, असं विचारणाऱ्यांना ती बरी. "मोकळा आहेस का जरा?" असं विचारून पाऊण तास बोलणाऱ्या चुलतभावासाठी अशी नोंदवही अजून निघायची आहे.

आपल्या भिडेची दखल सरकारदरबारी घेतली जाते, याचं मला खूप अप्रूप आहे. रेल्वेचंच घ्या. रात्रीची गाडी, स्लीपरचा डबा. खालच्या बर्थवरच्यांना गप्पा मारायच्यात, मधल्या बर्थवाल्याला झोपायचंय. मधला बर्थ उघडला की खालच्यांची मान वाकणार. तो बिचारा तिथेच कोपऱ्यात बसून जांभया देतो, मोठ्या, ऐकू येतील अशा. घड्याळ बघतो. चादर काढून मांडीवर ठेवतो. "जरा उठता का, मला झोपायचंय," या एका वाक्यावाचून सगळं करतो. २०१७ साली रेल्वेने झोपायच्या वेळा आखून दिल्या. रात्री दहा ते सकाळी सहा. आता दहा वाजले की तो घड्याळाकडे बोट दाखवतो. सकाळी सहानंतर खालचा बोट दाखवतो. दोन लाजऱ्या माणसांनी आपसात मिटवायचं भांडण दिल्लीत बसलेल्या अधिकाऱ्याने परिपत्रक काढून मिटवलं. टीकाकार याला नोकरशाही म्हणतील. मी तरी याला मायाच म्हणेन.

पण या मायेची परिसीमा बघायची तर सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी वाचावेत. इतकं मनुष्यस्वभावाचं ज्ञान मला फार थोड्या पुस्तकांत सापडलं आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. त्याप्रमाणे दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. तिची नोटीस पुरे चौदा दिवस आधी द्यायची. गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातलं जे कमी असेल ते. इथपर्यंत कोणीही लिहिलं असतं. खरी मेख पुढे आहे. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि नोटिशीत आधीच लिहून ठेवलेल्या वेळी त्याच दिवशी पुन्हा भरते. त्या दुसऱ्या सभेला गणपूर्तीची अटच नाही! म्हणजे माणसं येणार नाहीत, हे कायद्याने गृहीत धरलं आहे. रागावला नाही, दंड केला नाही, नुसती अर्ध्या तासाची सवड दिली आणि म्हणाला, चला, जे आलेत त्यांना घेऊन सुरू करू.

दहा वाजताच्या सभेला दहाला हजर असतात ते अध्यक्ष, सचिव, खुर्च्या मांडणारा वॉचमन, आणि एक निवृत्त गृहस्थ. हे गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांच्या हातात फाइल असते, फाइलमध्ये गेल्या अनेक वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल असतात, आणि त्यांतल्या एका आकड्याभोवती लाल पेनने गोल केलेला असतो. सचिव त्यांच्यापासून सर्वांत दूरची खुर्ची घेतो. बाकी सोसायटी गॅलरीत उभी असते. खाली किती खुर्च्या भरल्या ते प्रत्येक जण वरून बघत असतो, आणि इतर सगळेही वरूनच बघताहेत हेही बघत असतो. साडेदहाला "गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा सुरू करण्यात येत आहे," असं जाहीर होतं. मग एकेक जण चपला सरकवत, नुकतंच कळल्यासारखा चेहरा करून, खाली येतो. कोणी तरी बायकोला गॅलरीतच ठेवून येतो. सामोसे आल्याची खूण करायला ती तिथे असते.

अहवाल वाचला जातो. तो कोणी ऐकत नाही. लाल गोलावर चर्चा होते. ती संपत नाही. 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय' यांत पार्किंग, कबुतरं, गच्चीची चावी आणि चौथ्या मजल्यावरचा कुत्रा हे दरवर्षी आयत्या वेळी येतात. आणि ज्या वर्षी समितीची पाच वर्षांची मुदत संपलेली असते, त्या वर्षी तो क्षण येतो. अध्यक्ष विचारतात, "कोण नाव देतंय?"

पार्किंगमधल्या फरशीकडे एवढ्या एकाग्रतेने बघणारी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. दोघांना एकदम फोन येतात, न वाजता. एकाचे गुडघे दुखू लागतात. एकाची बदली व्हायची असते, ती गेली कित्येक वर्षं व्हायची आहे. एकीच्या मुलाची दहावी, आणि थोरल्याची झाली की धाकट्याची येतेच. जो तो दुसऱ्याची स्तुती करायला लागतो. "साहेब, तुमच्याइतका अनुभव कोणाला आहे?" एरवी कधी नमस्कारही न करणारा शेजारी तुमचा असा गौरव करू लागला की समजावं, काही खरं नाही. शेवटी समिती 'बिनविरोध' निवडून येते. लोकशाहीत या शब्दाला मान आहे. आमच्याकडे त्याचा उगम वेगळा, एवढंच.

आणि यातून जो सचिव होतो तो सोसायटीच्या सगळ्या भिडस्तांचा वाली ठरतो. खालच्या मजल्यावरच्यांना आपल्या छताची ओल वरच्यांना सांगायची नसते. ते सचिवाला सांगतात. "तुम्ही सांगा ना. मात्र मी सांगितलं असं सांगू नका हं." आता ओल एकाच छताला आली आहे, खाली एकच घर आहे, तर ती आणखी कोणी सांगितली असेल? पण ते असो. सचिवही तुमच्या-आमच्यातलाच. तोही वर जाऊन बेल वाजवत नाही. तो लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लावतो. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, काही सभासद गॅलरीतील कुंड्यांना पाणी घालताना खालच्या मजल्यांचा विचार करत नाहीत, तरी याची कृपया नोंद घ्यावी.' छत्तीस बिऱ्हाडं नोटीस वाचतात. पस्तिसांना लगेच कळतं की ती कोणासाठी आहे. छत्तिसावा कुंडीला पाणी घालून खाली येतो, चष्मा लावून सगळी नोटीस वाचतो, मान हलवतो आणि वॉचमनला म्हणतो, "बरोबर आहे. लोकांना अक्कल कशी नसते!"

असे सचिव वर्षानुवर्षं टिकतात ते पगारावर नव्हे, पगार नसतोच. त्यांना सोडायचं असतं, पण "आता दुसरा कोणी बघा," हे सभेत उभं राहून म्हणायची त्यांना भीड वाटते.

तेव्हा वाचकहो, सप्टेंबर लागला की तुमच्याही लिफ्टशेजारी नोटीस लागेल. वेळ दहाची असेल तर साडेदहाला जा, त्याला कायद्याची संमती आहे. मागच्या रांगेत बसा, सामोसा घ्या, हवं तर फरशीकडे बघा. पण जा. गैरहजर माणसाचं नाव सगळ्यांना सगळ्यांत आधी सुचतं.